‘कोल्ह्यासाठी कुठली रायफल घ्यावी?’ अमेरिकेत शॉपिंगचा प्रश्न, मुंबईत थेट तुरुंगाचा

रात्रीची वेळ. बर्फाळ माळरान. थर्मल कॅमेऱ्यात पांढरा दिसणारा एक कुत्र्यासारखा प्राणी. मग ‘ठो’ असा आवाज आणि तो प्राणी आडवा. खाली कमेंट्समध्ये वाद पेटलेला असतो: .२२३ भारी की .२४३? .२२-२५० चालेल का?

कायोटीच्या शिकारीचे असे रील्स तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेले असतील. त्याखाली आपल्याकडची मंडळीही हजर असतात. ‘आमच्या गावाकडे कोल्हे लय झालेत, त्यांच्यासाठी कुठली बंदूक घ्यावी?’ ‘एअरगनने काम होईल का? तिला लायसन्स लागत नाही ना?’

प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर चुकलं तर माणूस किमान तीन वर्षं आत जाऊ शकतो. त्यामुळे हे कॅलिबर प्रकरण नेमकं काय आहे, अमेरिकेत त्यावर एवढी चर्चा का होते आणि अंधेरी-बोरिवली-मुलुंडच्या आसपास कोल्हा दिसला तर बंदुकीचा विषयच का निघत नाही, हे एकदा नीट समजून घेऊ.

आधी बेसिक: कॅलिबर म्हणजे काय?

कॅलिबर म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आतल्या भोकाचं, म्हणजेच ढोबळमानाने गोळीच्या जाडीचं माप. ते इंचात सांगतात किंवा मिलिमीटरमध्ये. .२२ म्हणजे इंचाचे शंभरातले बावीस भाग, साधारण साडेपाच मिलिमीटर. .३१५ म्हणजे आठ मिलिमीटर.

आपल्याकडे यालाच ‘बोअर’ म्हणायची पद्धत आहे. पण ‘बारा बोअर’चा हिशेब वेगळा आहे. एक पौंड शिशाचे सारख्या वजनाचे बारा गोल गोळे केले, तर त्यातला एक गोळा ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून इथे आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर बारा बोअरपेक्षा लहान असते.

आता मेख अशी की नुसत्या जाडीवरून ताकद कळत नाही. साधी .२२ आणि कायोटीवाल्या रीलमधली .२२३, दोन्हींच्या गोळीची जाडी जवळपास सारखीच. पण साध्या .२२ ची गोळी अडीच-पावणेतीन ग्रॅमची असते आणि सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास वेगाने जाते. .२२३ ची साडेतीन ग्रॅमची गोळी सेकंदाला हजार मीटरच्या जवळ पोचते. त्यामुळे जाडी तीच असून .२२३ ची ऊर्जा साधारण दहापट होते. हा फरक पाडतं ते काडतूस, म्हणजे गोळीमागे किती दारू भरली आहे ते. नुसतं ‘बावीसची बंदूक’ म्हटलं, तर निम्मीच माहिती कळते.

मग अमेरिकेत एवढा वाद कशाचा?

कायोटी हा आपल्या कोल्ह्याचा अमेरिकेतला भाऊबंद. आपला कोल्हा साधारण आठ ते अकरा किलोचा, कायोटी त्याहून थोराड. अमेरिकेत कायोटी, खोकड, रॅकून, बॉबकॅट अशा प्राण्यांना ‘फरबेअरर’ म्हणतात, म्हणजे ज्यांची केसाळ कातडी विकली जाते ते. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे, बहुतेक फरबेअररसाठी शिकारीचा हंगाम ठरलेला. कायोटी मात्र बऱ्याच राज्यांत वर्षभर मारता येतो.

तिथल्या शिकाऱ्याला दोन गोष्टी एकाच वेळी साधायच्या असतात. प्राणी एका गोळीत मरावा, जखमी होऊन पळू नये. आणि कातडीला मोठं भोक पडू नये, नाहीतर तिचे पैसे येत नाहीत. .१७ सारखी बारीक गोळी कातडी वाचवते, पण लांबवर वाऱ्याने भरकटते. .२४३ लांबचं काम करते, पण बाहेर पडताना कातडी फाडते. .२२३ या दोन्हींच्या मधे बसते, म्हणून ती लोकप्रिय. कॅलिबरची सगळी चर्चा या एका तडजोडीभोवती फिरते. म्हणजे प्राणी मारणं आणि त्याची कातडी विकणं कायदेशीर आहे, हे तिथे गृहीतच धरलेलं असतं.

भारतात नेमकं हे गृहीतकच लागू होत नाही.

भारतात कोल्हा मारणं गुन्हा आहे का?

हो, आणि तोही सगळ्यात वरच्या दर्जाचा.

वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ९ ने शिकारीवर बंदी आहे. २०२२ मध्ये या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. या दुरुस्तीनंतर कोल्हा अनुसूची १ मध्ये आहे. वाघ आणि बिबट्या आहेत त्याच यादीत. मुंगूसही तिथेच.

अनुसूची १ मधल्या प्राण्याची शिकार केली तर शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड.

आणि ‘शिकार’ म्हणजे फक्त गोळी घालणं नाही. कायद्याच्या व्याख्येत पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं हे सगळं येतं. यातलं काही करण्याचा प्रयत्नही येतो. म्हणजे नेम चुकला तरी गुन्हा झालाच.

‘एअरगनला लायसन्स लागत नाही’ याचं काय?

सोशल मीडियावर सगळ्यात जास्त गोंधळ याच मुद्द्यावर असतो. .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या एअरगनला शस्त्र परवाना लागत नाही, हे खरं आहे. त्यापुढच्या एअरगनला परवाना लागतो.

पण परवाना लागत नाही याचा अर्थ ती टार्गेटवर चालवायला मुभा आहे, इतकाच. पक्षी, ससा किंवा कोल्हा मारायची ती परवानगी नाही. शस्त्र कायदा वेगळा, वन्यजीव कायदा वेगळा. पहिला बंदूक कोणाकडे असावी ते ठरवतो, दुसरा ती कोणावर रोखायची नाही ते. एअरगनमुळे होणारी शिकार एवढी मोठी झाली होती की अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये लोकांनी स्वतःहून एअरगन सरकारकडे जमा कराव्यात म्हणून मोहीम काढावी लागली.

शिवाय एअरगनच्या छर्ऱ्याने आठ-दहा किलोचा प्राणी बहुतेकदा जागेवर मरत नाही. तो छर्रा अंगात घेऊन फिरतो, जखम सडते आणि हाल होऊन कित्येक दिवसांनी मरतो.

बरं, भारतात सामान्य माणसाला कुठली रायफल मिळते?

मुंबईत शस्त्र परवान्यासाठी अर्ज पोलीस आयुक्तालयाकडे करायचा, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयाकडे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन ठेवता यायच्या.

लष्कर वापरतं ती मापं, उदाहरणार्थ .३०३, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. रीलमधली .२२३ सुद्धा लष्करी ५.५६ मिलिमीटरची सख्खी बहीण. म्हणून आपल्याकडे परवानाधारकांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी रायफल म्हणजे .३१५ बोअर. तिची गोष्ट मजेशीर आहे. लष्करी मापाच्या बंदुका सामान्य लोकांच्या हाती नकोत, चोरलेलं सरकारी काडतूस त्यात बसायला नको, ही भीती ब्रिटिशांची. म्हणून ऑस्ट्रियन लष्कराचं जुनं आठ मिलिमीटरचं माप इथे ‘स्पोर्टिंग’ म्हणून रुजलं. इंग्रज गेले, माप राहिलं. पश्चिम बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात .३१५ रायफली बनत आल्या आहेत.

पिकांच्या राखणीसाठी कायद्यात वेगळी तरतूद आहे ती ठासणीच्या बंदुकीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायची त्या जुन्या बंदुकीची. कोकणात कुणाच्या तरी आजोबांच्या नावावर असलेली ती हीच. पण परवाना पिकांच्या राखणीसाठी असला तरी समोरचा प्राणी कुठला, हा प्रश्न उरतोच.

म्हणजे शेतकऱ्याने नुकसान सोसतच बसायचं?

हा प्रश्न रास्त आहे. रानडुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरून टाकला, तर त्या शेतकऱ्याला ‘प्राणी वाचवा’ म्हणणं सोपं नसतं.

कायद्याला हे माहीत आहे. रानडुक्कर आणि नीलगाय (आपल्या विदर्भात रोही) अनुसूची २ मध्ये आहेत. ते माणसाला किंवा उभ्या पिकाला धोकादायक ठरत असतील, तर वन विभाग त्यांना मारायची लेखी परवानगी देऊ शकतो. महाराष्ट्रात तशी पद्धत आहे. अर्ज करायचा, परवानगी घ्यायची, परवान्याचीच बंदूक वापरायची. नुकसानभरपाईसाठीही वन विभागाकडे अर्ज करता येतो.

अनुसूची १ मधल्या प्राण्यासाठी मात्र पीक हे कारण चालत नाही. तो प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झालेला असावा लागतो, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी. शिवाय त्याला पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही, याची राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांना खात्री पटावी लागते. त्यानंतर लेखी आदेश निघतो. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही. पण मेलेला प्राणी सरकारजमा होतो, त्याचं नखही घरी नेता येत नाही.

परवानगीचा रस्ता टाळून विजेची तार, गावठी बॉम्ब किंवा वायरचे फास लावले जातात, तेव्हा त्यात डुक्कर अडकेलच असं नाही. बिबट्या अडकतो, गाय अडकते, पहाटे शेतावर निघालेला शेजारीही अडकतो.

सरकारी आदेशात कॅलिबर कधी येतं?

येतं, पण फार क्वचित. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या नियमावलीत म्हटलंय की नरभक्षक ठरलेल्या वाघाला मारायची वेळ आलीच, तर बंदूक .३७५ मॅग्नमपेक्षा लहान नसावी. कारण .३७५ ची गोळी जवळपास वीस ग्रॅमची असते आणि तिची ऊर्जा .२२३ च्या तिपटीहून जास्त. वाघ अर्धवट जखमी झाला तर तो आधीपेक्षा कितीतरी धोकादायक होतो.

यवतमाळची अवनी, म्हणजेच टी-१ वाघीण, आठवत असेल. पांढरकवडा-राळेगाव भागातल्या १३ जणांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयाने वन विभागाच्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. आदेश असा होता की आधी बेशुद्ध करायचा प्रयत्न करा, जमलं नाही तरच गोळी. त्या रात्री हा क्रम खरंच पाळला गेला का, यावर देशभर वाद झाला आणि व्याघ्र प्राधिकरणाच्या चौकशीतही कार्यपद्धतीवर बोट ठेवलं गेलं.

एवढ्या वर लेखी आदेश असूनही एका गोळीचा हिशेब द्यावा लागतो. मग कमेंटमधल्या ‘उडवून टाका’ला कायद्यात काय किंमत असेल, ते तुम्हीच ठरवा.

मुंबईत मग कुठली बंदूक चालते?

बेशुद्धीची. डिसेंबर २०१७ मध्ये अंधेरी पूर्वेच्या शेर-ए-पंजाब भागात एका बालवाडीत बिबट्या शिरला होता. जानेवारी २०१८ मध्ये मुलुंडच्या नानेपाड्यात बिबट्याने काही जणांना जखमी केलं. दोन्ही वेळा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पथकाने औषधाचा डार्ट मारून त्याला पकडलं.

या डार्टगनलाही कॅलिबर असतं. पशुवैद्यकांच्या वापरातल्या नळ्या साधारण ११ आणि १३ मिलिमीटरच्या असतात. लहान नळीतून कमी औषध जातं, मोठीतून जास्त. गॅसचा दाब अंतरानुसार कमी-जास्त करावा लागतो. कमी पडला तर डार्ट पोचत नाही, जास्त झाला तर सुई हाडात घुसते. सिनेमात दाखवतात तसा प्राणी लगेच कोसळत नाही. औषध चढायला काही मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात तो घाबरून कुठेही पळू शकतो. म्हणून पथकाची पहिली विनंती गर्दीला असते: मागे व्हा, मोबाइल खाली ठेवा. कोल्ह्यासारख्या लहान प्राण्यासाठी तर बऱ्याचदा जाळी आणि पिंजरा पुरतो.

खऱ्या रायफलीला मुंबईत जागाच नाही. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबई उपनगर जिल्ह्यात दर चौरस किलोमीटरला जवळपास २१ हजार माणसं राहतात. साध्या .२२ ची गोळीही दीड मैलापर्यंत जाऊ शकते, हा इशारा काडतुसांच्या डब्यावरच छापलेला असतो. दीड मैल म्हणजे अंधेरी स्टेशनवरून सुटलेली गोळी जोगेश्वरी स्टेशनच्या पुढे. मधे किती खिडक्या येतात, मोजून बघा.

मुंबईत खरंच कोल्हे आहेत?

आहेत आणि आजचे नाहीत. ठाणे खाडीच्या काठाने विक्रोळी, भांडुप, ऐरोलीकडे आणि पश्चिमेला चारकोप-गोराईकडे, जिथे कांदळवन आहे तिथे कोल्हा आहे. खेकडे, मासे, उंदीर हे त्याचं खाणं. सोसायटीमागे उघडा कचरा मिळाला तर तोही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या काही कोल्ह्यांना रेबीज झाल्याचं तपासणीत आढळलं आणि लोक घाबरले. भीती खोटी नव्हती, रेबीज एकदा लक्षणं दिसल्यावर जवळपास बरा होतच नाही. पण मारून तो संपतो का?

इथे अमेरिकेचाच अनुभव बघू. तिथलं सरकारी खातंच दरवर्षी हजारो कायोटी मारतं, शिकारी मारतात ते वेगळेच. तरी एकेकाळी मुख्यतः पश्चिमेच्या माळरानांवर राहणारा कायोटी आज हवाई सोडून सगळ्या राज्यांत पोचलाय, शिकागो आणि न्यूयॉर्कसुद्धा त्याने सोडलं नाही. जागा रिकामी झाली की शेजारचा कायोटी तिथे येतो, उरलेल्या माद्यांना पिल्लंही जास्त होतात.

असाच धडा मुंबईने बिबट्यांच्या बाबतीत घेतलाय. २००२ ते २००४ च्या काळात राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ले खूप वाढले होते. तेव्हा सरसकट पिंजरे लावून बिबटे उचलणं आणि दुसरीकडे सोडणं चाललं होतं. पुढे अभ्यासकांनी दाखवलं की अनोळखी जागी सोडलेला बिबट्या जास्त अडचणीचा ठरतो. मग भर गेला कचरा, भटकी कुत्री, पाड्यांवरचा उजेड आणि लोकांशी बोलणं यावर.

रेबीजचंही तसंच. कुत्री आणि कोल्हे कांदळवनाच्या कडेला एकाच कचऱ्यावर येतात. कुत्र्यांचं लसीकरण झालं की ही साखळी तुटते, आणि त्याला कॅलिबर लागत नाही.

बाजार आपल्याकडेही आहे, फक्त लपलेला

‘कोल्ह्याचं शिंग’ किंवा ‘सियारसिंगी’ ऐकलंय? घरात ठेवलं की पैसा येतो म्हणून ऑनलाइन विकलं जाणारं, केसाळ गोळ्यासारखं काहीतरी. कोल्ह्याला शिंग नसतं. हे गोळे प्राण्याच्या कातडी-केसांपासून बनवलेले असतात आणि त्यासाठी कोल्हे मारले जातात. तेच ‘हत्थाजोडी’चं. मूळ म्हणून विकतात, प्रत्यक्षात तो घोरपडीच्या शरीराचा भाग असतो. मुंगसाच्या केसांचे पेंटिंग ब्रशही याच रांगेतले. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण विभागाने या ब्रशांविरुद्ध अनेक राज्यांत कारवाई केली होती.

म्हणजे आपल्याकडचे फरबेअरर हेच. यात विकणाऱ्याइतकाच विकत घेणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो. चित्रकलेचा ब्रश घेताना ‘सिंथेटिक’ लिहिलेलं बघून घ्या.

कोल्हा दिसला तर काय करायचं?

- जवळ जाऊ नका, खायला घालू नका, घेरून व्हिडिओ काढू नका. निरोगी कोल्हा स्वतःच निघून जातो.
- तो दिवसाढवळ्या अडखळत चालत असेल, लाळ गळत असेल, विनाकारण अंगावर येत असेल, तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. जखमी असेल किंवा विहिरीत पडला असेल तरीही हाच नंबर.
- चावला किंवा ओरखडा आला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. लस वेळापत्रकाप्रमाणे पूर्ण घ्या. जखमेतून रक्त आलं असेल तर लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही लागतं, डॉक्टरांना त्याबद्दल नक्की विचारा.
- सोसायटीचा कचरा झाकलेला ठेवा आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं लसीकरण झालंय का, हे पालिकेच्या वॉर्ड ऑफिसमध्ये विचारा.

आणि पुढच्या वेळी एखाद्या रीलखाली कुणी ‘आपल्याकडच्या कोल्ह्यासाठी कुठली रायफल भाऊ?’ असं विचारलं, तर त्याला अनुसूची १, तीन ते सात वर्षं आणि १९२६ हे तीन आकडे पाठवा. त्याच्या प्रश्नाचं उत्तर तेवढ्यात येतं.